रविवारी दुपारी बारा वाजता : प्रसार भारतीला एक खुलं पत्र

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
प्रसार भारती, नवी दिल्ली.

विषय : ‘शक्तिमान’ ही मालिका डीडी फ्री डिशवर रविवारी दुपारी बारा वाजता, पहिल्या भागापासून ओळीनं दाखवण्याबाबत.

महोदय,

अर्जात विषय आधी आणि रडगाणं नंतर, असं आमचे एक गुरुजी सांगायचे. हे रडगाणं नाही, तक्रार तर मुळीच नाही. मी डिश बसवणारा माणूस आहे. कन्नड, देवगाव रंगारी, खुलताबाद या पट्ट्यात गेली चौदा वर्षं लोकांच्या गच्चीवर, पत्र्यावर, कधी गोठ्यावर चढून छत्र्या बसवतो. दर महिन्याला पैसे भरावे लागतात त्या कंपन्यांच्याही बसवतो आणि तुमची फुकटातली फ्री डिशही बसवतो. तुमचा कार्यक्रम दिल्लीहून निघाला की शेवटचे वीस फूट तो माझ्या हातातून जातो. तेवढ्या नात्यानं लिहितोय.

आधी तारखेचं सांगतो. दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ सुरू झालं १३ सप्टेंबर १९९७ ला. मराठवाड्यात ही तारीख दुसऱ्याच कारणानं पाठ असते. १९४८ साली याच दिवशी पोलीस ॲक्शन सुरू झाली, फौजा निजामाच्या राज्यात शिरल्या आणि १७ तारखेला आम्ही मोकळे झालो. त्यामुळं शक्तिमानचा वाढदिवस लक्षात ठेवायला मला कधी कष्ट पडले नाहीत. आणि तुमची प्रसार भारती अस्तित्वात आली २३ नोव्हेंबर १९९७ ला. म्हणजे शक्तिमान तुमच्यापेक्षा दोन महिन्यांनी मोठा आहे. मोठ्याचा मान म्हणून तरी पत्र शेवटपर्यंत वाचा.

मी तेव्हा तिसरीत होतो. सुरुवातीला ते शनिवारी लागायचं आणि शनिवारी आमची सकाळची शाळा. पुढं ते रविवारी दुपारी आलं आणि खरी मजा सुरू झाली. गावात टीव्ही दोन. एक वाड्यावर होता, रंगीत. तिथं ओसरीवर कोण बसणार, पायरीपाशी कोण आणि खिडकीतून कोण बघणार, हे कुणी न सांगताच ठरलेलं होतं. आम्ही खिडकीवाल्यांतले. दुसरा टीव्ही शिंपीकाम करणाऱ्या चाचांकडं. चौदा इंची, काळा-पांढरा, त्यावर शिलाईतल्या उरलेल्या कापडाचं झालर लावलेलं आच्छादन. चाचांचा नियम एकच होता. हातपाय धुऊन यायचं. मग कोणाचंही लेकरू असो, मशीनच्या पायाशी जागा मिळेल तिथं बसायचं. खोली दहा बाय दहाची, आम्ही पंचवीस-तीस. मधूनच चाचा ओरडायचे, “अरे हलो नक्को रे, पिच्छे सरको, मेरे कू बी देखने दो!” चाचांना तोंडपाठ होतं की हा माणूस म्हणजे महाभारतातला भीष्म. शक्तिमान झालेले मुकेश खन्ना पडद्यावर आले की पहिली दोन मिनिटं ते दरवेळी हेच सांगायचे, जणू आम्ही आजच जन्मलोय.

आता मुद्द्याची गोष्ट, म्हणजे ॲन्टिना. आमच्याकडं चित्र यायचं ते म्हैसमाळच्या टॉवरवरून. पावसाळा सरला, हवा स्वच्छ झाली की पत्र्यावरून म्हैसमाळचा डोंगर निळ्या रेघेसारखा दिसायचा, रात्री टॉवरचा तांबडा दिवा दिसायचा. ॲन्टिनाचं तोंड त्या दिव्याकडं, म्हणजे आग्नेयेला ठेवायचं. वारा आला, कावळा बसला, माकडानं झोका घेतला की तोंड फिरायचं आणि खाली पडद्यावर मुंग्या. मग कुणीतरी वर जायचं. चाचांचं घर पत्र्याचं, जड पोरगं चढलं की पत्रा दबायचा. सगळ्यांत हलका मी. त्यामुळं ते काम कायमचं माझ्याकडं आलं.

मी वरून ओरडायचो, “आलं का?”

खालून पंचवीस गळे, “नाही... नाही... आलं! आलं! गेलं. अरे मागं घे, मागं!”

आणि चित्र नीट आलं की वरच्याला सगळे विसरायचे. मला उतरायची भीती. सोडला पाईप तर पुन्हा फिरेल. उन्हानं पत्रा तापलेला, पायाखाली चपलेचा जोड आणि कानांवर खालचा आवाज. शक्तिमान गरगर फिरायला लागला की होणारी ती घरघर मी पत्र्यातून पायांना ऐकली आहे. खरं सांगायचं तर अर्धं ‘शक्तिमान’ मी पाहिलं आणि अर्धं ऐकलं. दुष्ट डॉक्टर जॅकालनं शेवटी काय केलं हे मला सोमवारी शाळेत कळायचं, आणि सांगणारा प्रत्येकजण वेगळं सांगायचा.

आणखी एक गंमत. आमचा शक्तिमान राखाडी होता. पोशाखाला रंग असतो हे मला दीड-एक वर्ष माहीतच नव्हतं. हनुमान जयंतीला खुलताबादला भद्रा मारुतीची जत्रा भरते. तिथला मारुती झोपलेला आहे, साऱ्या मुलखातून लोक चालत येतात. बापाच्या खांद्यावर बसून मीही गेलो होतो. दर्शन झालं, बाहेर आलो आणि खेळण्यांच्या दुकानात टांगलेला शक्तिमानचा मुखवटा दिसला. शेजारी पोशाख. गर्द तांबूस, छातीवर सोनेरी चक्र. मी तिथंच हटून बसलो, विकत घ्या म्हणून नाही, तर हा तो नाही म्हणून. बाप म्हणाला, “अरे टीव्ही काळा हे, माणूस थोडाच काळा हे.” पोशाख मिळाला नाही. त्या साली कापूस हातचा गेला होता. पण घरी येऊन मी चाचांना रंग सांगितला आणि पुढच्या स्नेहसंमेलनाला त्यांनी जुन्या ब्लाउजपीसचा आणि लग्नाच्या पत्रिकेवरच्या सोनेरी कागदाचा पोशाख शिवून दिला. मापाला मी उभा होतो, संमेलनात घातला हेडमास्तरांच्या पोरानं. असो.

आता जरा गंगाधरबद्दल, म्हणजे शक्तिमानच्या साध्या माणसाच्या रूपाबद्दल, कारण या पत्रात मला सगळ्यांत जास्त त्याच्याबद्दल बोलायचंय. शक्तिमान उडतो, त्याचं कौतुक सगळ्यांना होतंच. कुंडलिनी, सात चक्रं, पंचमहाभूतं, सूर्यांशी ऋषी हे आम्हाला फारसं कळायचं नाही. आजीला मात्र ते लगेच कळायचं. ती सरळ सांगायची, तप केलंय त्यानं, तपाविना काही मिळत नाही, तुम्ही आधी पाढे पाठ करा. पण आम्हाला जो जवळचा वाटायचा तो ‘आज की आवाज़’ नावाच्या पेपरातला फोटोग्राफर. जाड चष्मा, पुढं आलेले दात, सगळ्यांनी हसावं असा. पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री. हे नाव एका दमात म्हणायची शर्यत लागायची. मी आजही म्हणून दाखवतो.

तुम्ही दिल्लीत बसता म्हणून सांगतो. मराठवाड्यात गोदावरीला गंगा म्हणतात. पैठण, गंगाखेड, नांदेड, कुठंही विचारा, नदीला गेलो म्हणत नाहीत, गंगेवर गेलो म्हणतात. म्हणून आमच्याकडं गंगाधर, गंगाराम, गंगूबाई गल्लीगल्लीत सापडतात. माझ्या आत्याचा नवरा गंगाधर, आमच्या शाळेत घंटा वाजवायचे तेही गंगाधर. पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात, बाजार समितीत, एसटीत, जिथं जाल तिथं कुणीतरी गंगाधर खाली मान घालून काम करत असतो आणि कुणीतरी त्याच्यावर खेकसत असतो. टीव्हीतला सगळ्यांत बलवान माणूस उरलेल्या वेळी त्याच नावाचा, तसाच दिसणारा असतो, हे बघितल्यावर आम्ही शाळेतल्या गंगाधरकाकांकडं बघायला लागलो. एका पोरानं तर त्यांना विचारलंच, “काका, खरं सांगा ना.” काका म्हणाले, “कुणाला सांगू नको.” आणि घंटा दिली. त्या पोराचं त्यानंतर वर्षभर वर्गात लक्ष नव्हतं.

माझी बहीण मात्र गीता विश्वाससाठी बसायची. तिचं एकच कोडं होतं. ही बाई एवढ्या मोठ्यामोठ्या लोकांच्या बातम्या काढते, मग शेजारच्या टेबलावर बसलेला माणूस कोण, हे हिला कळंना कामून? आजही तिचं म्हणणं आहे की चष्म्यानं कुणी ओळखू येत नाही असं कुठं असतं. मी सांगितलं, आपल्याकडं असतं. ज्याच्याकडं कुणी नीट बघतच नाही, त्याला लपायला चष्माही लागत नाही.

शक्तिमानचा वैरी किल्विषही आमचाच होता. संध्याकाळी लाईट गेली की सगळ्या गल्लीतून पोरांचा एकच आवाज उठायचा, “अंधेरा कायम रहे!” सुरेंद्र पाल यांनी ते इतकं दमदार म्हटलंय की चिमणी पेटवायला उठलेली आजीसुद्धा एकदा ते म्हणाली. त्या वर्षांत लोडशेडिंग असं होतं की किल्विषच जिंकतोय याबद्दल गावात दुमत नव्हतं. रविवारी बाराला लाईट नसली तर चाचा ट्रॅक्टरची बॅटरी मागून आणायचे. काळा-पांढरा टीव्ही बॅटरीवर चालायचा, त्याचा तेवढाच फायदा. बॅटरी उतरायला लागली की चित्र चारी बाजूंनी आक्रसत जायचं आणि शक्तिमान बोटाएवढा व्हायचा.

मी पडलोय, तेही लिहितो, नाहीतर लोक म्हणतील यानं सगळं गोडच सांगितलं. चौथीत असताना कडब्याच्या गंजीवरून गरगर फिरत उडी मारली. डावं मनगट गेलं. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या, आईनं दोन दिले आणि एक शक्तिमानच्या नावानंही दिला. तेव्हा पोरं असलं काही करून घेतात अशा बातम्याही यायच्या. पडद्यावर तो स्वतः सांगायचा की माझी नक्कल करू नका. आणि शेवटी ते ‘छोटी छोटी मगर मोटी बातें’ असायचं. कुणी खोटं बोललेलं, कुणी नखं खाल्लेली, आणि मग मान खाली घालून ‘सॉरी शक्तिमान’. आमच्या गावात त्याचा वापर आयांनी इतका केला की मी एकदा गुरुजींना चुकून सॉरी शक्तिमान म्हणालो. आभाळ आलं की ते मनगट अजून दुखतं. नेमकं तेव्हाच कुणाची तरी छत्री हललेली असते आणि मला नट आवळायचा असतो.

मालिका संपली मार्च २००५ मध्ये. माझी तेव्हा दहावीची परीक्षा होती. तिचा शेवट मी पाहिला नाही. खरं म्हणजे ती बंद झाली हे मला कळलंच नाही. तोवर चाचांकडं बसणाऱ्यांपैकी अर्धे वाळूजला कंपनीत लागले होते, काही ऊसतोडीला जायचे. जत्रेत आपल्या पुढं चालणारा माणूस गर्दीत कधी दिसेनासा झाला हे लक्षात येत नाही, तसं झालं ते. मी त्याचा निरोप घेतला नाही, ही माझीच चूक आहे. तुमची नाही.

मग २०२० चं लॉकडाऊन आलं. मार्चच्या शेवटी तुम्ही ‘रामायण’, ‘महाभारत’ लावलं, पाठोपाठ एप्रिलमध्ये ‘शक्तिमान’ही. त्या दिवसांत माझा फोन खाली ठेवायला वेळ नव्हता. रिचार्जला पैसे नाहीत, दुकानं बंद, लोकांनी माळ्यावर टाकलेले फ्री डिशचे जुने बॉक्स काढले आणि छत्र्या आपल्या हातानं फिरवायला लागले. मला बाहेर पडायची सोय नव्हती, कन्नडच्या नाक्यावर पोलीस. मी घरातून फोनवर सांगायचो, आग्नेयेला तोंड करा, थोडं वर घ्या, छत्रीपुढचा तो एलएनबी हलवू नका. तिकडून एकजण छतावर, एकजण टीव्हीसमोर, मधे फोन.

“आलं का?”

“नाही... नाही... आलं! आलं! गेलं.”

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी मिनिटभर काही बोललो नाही. समोरच्याला वाटलं फोन कटला.

फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. आमच्या भागातून बघितलं तर बरोबर आग्नेयेला. माझ्या गावातून म्हैसमाळही आग्नेयेलाच. टॉवर पंधरा-सोळा किलोमीटरवर होता, उपग्रह हजारो किलोमीटरवर आहे, पण चाचांच्या पत्र्यावर छत्रीचं तोंड आहे तिकडंच जिकडं मी लहानपणी पाईप धरून उभा असायचो. ॲन्टिनावरची जुनी प्रक्षेपणं तुम्ही २०२२ पर्यंत देशभरात जवळपास सगळीकडं बंद केलीत. काळाप्रमाणं ते होणारच, त्याचं मला वाईट वाटत नाही. माझं पोट छत्रीवर आहे. पण एक गोष्ट दोन्हींत सारखी राहिली. टॉवरवरून आलेल्या चित्राचे पैसे लागत नव्हते. फ्री डिशलाही छत्री आणि बॉक्स एकदा घेतलं की दर महिन्याला काही लागत नाही. चार कोटींच्या वर घरं आज त्यावर आहेत. ती कोणाची घरं आहेत हे मला विचारा, मी त्यांच्या छतांवर असतो.

तुम्ही ‘वेव्ह्ज’ हे ॲप काढलंत, नोव्हेंबर २०२४ मध्ये. त्यावर ‘शक्तिमान’ आहे, चांगली गोष्ट आहे. मी माझ्या लेकीला त्यावरच दाखवलं. ती आठ वर्षांची आहे, दुसरीत. खोटं कशाला सांगू, उडण्याच्या प्रसंगाला ती खूप हसली. म्हणाली, “पप्पा, ह्याला दोरी बांधलीय.” मारामारीत तिला रस वाटला नाही, सगळं फार हळू चाललंय म्हणाली. पण गंगाधर आला तसा तिनं फोन माझ्या हातातून काढून घेतला. सलग चार भाग बघितले. पाचव्याला फोन वाजला, मला कामावर बोलावणं होतं, आणि फोन माझ्याबरोबर गेला.

अडचण ती आहे, महोदय. बहुतेक घरांत फोन एकच असतो आणि तो कर्त्या माणसाच्या खिशात शेतावर, नाहीतर कंपनीत जातो. डेटा संपतो. ॲपवर प्रत्येकजण आपापल्या वेळेला, आपापल्या कोपऱ्यात बघतो. टीव्ही घरी राहतो. दुपारी बाराला तो सगळ्यांचा असतो आणि शेजारचं लेकरूही येऊन बसतं. आम्ही तीस जण एका खोलीत बसलो ते काही आमच्या मनाच्या मोठेपणानं नाही. वेळ एकच होती आणि टीव्ही एकच होता म्हणून. आणि त्या चित्राला पैसे पडत नव्हते, म्हणूनच वाड्याच्या खिडकीतून उठून आम्हाला चाचांच्या खोलीत जाता आलं. रंगीत नव्हतं, चालत होतं.

नव्या शक्तिमानची चर्चा आहे. २०२२ मध्ये मोठ्या पडद्यासाठी तीन सिनेमांची घोषणा झाली. कोण करणार, कोण होणार यावर रोज भांडणं चालतात. त्यात मला पडायचं नाही. मुकेश खन्नांशिवाय दुसरा चालणार नाही असं माझ्या वयाचे सगळे म्हणतात, मीही म्हणालोय, पण लेकीला तो प्रश्न पडणार नाही. तो कुणीही होवो. फक्त जे कुणी करतील त्यांना तुमच्या मार्फत एक निरोप द्या. गंगाधरला देखणा करू नका. त्याला जिममध्ये पाठवू नका, त्याला महागडा कॅमेरा देऊ नका. तो बावळट दिसला पाहिजे आणि लोकांनी त्याच्यावर खेकसलं पाहिजे. नाहीतर शाळेत घंटा देणाऱ्या काकांकडं कुणी वळून बघणार नाही.

आणि सिनेमा थेटरात चालून झाला, पैसे वसूल झाले की तो दूरदर्शनवर फुकट लागावा, असा शब्द आत्ताच घेऊन ठेवा. नंतर असल्या गोष्टी अवघड होतात.

बाकी मागणी वर विषयात लिहिलीच आहे. रविवार, दुपारी बारा. भाग क्रमानं लावा, मधले गाळू नका. ‘मोटी बातें’ कापू नका, वेळ वाचवायचा असेल तर जाहिराती कापा. मराठीत डब करू नका. आम्ही हिंदी त्यातच शिकलो, लेकरंही शिकतील, आणि ज्यांना कळणार नाही त्यांना सांगायला घरात कुणीतरी आजी असते. आणि एकदा ठरलेली वेळ क्रिकेटसाठी बदलू नका.

आपला,
एक डिश बसवणारा,
तालुका कन्नड, जिल्हा छत्रपती संभाजीनगर.

ता. क. : चाचा आता थकलेत. मोतिबिंदूचं ऑपरेशन झालंय, मशीन नातवाकडं दिलीय. गेल्या आठवड्यात वाऱ्यानं त्यांची छत्री फिरली होती म्हणून बोलावलं. मी चढलो, पत्रा आता माझ्या वजनानं दबतो. खालून चाचा विचारत होते, “वो भीष्मवाला कब लगता रे?” मी म्हणालो, लिहितो दिल्लीला. छत्री नीट करून दिली आहे. सिग्नल चांगला येतोय.